डच भाषेतून कौटुंबिक कायदा आणि मानवी हक्क: ऐरोलीत बसून एक विषय करायचा आहे, सुरुवात कुठून?

ट्रान्सहार्बर (ऐरोली):
नमस्कार. तीन वर्षांची एलएल.बी. झाली आहे, सनद आहे, प्रॅक्टिस ठाण्यात. डच भाषेची बी१ पातळी झाली, त्यापुढची बी२ चालू आहे. पूर्ण पदवी नको. कौटुंबिक कायदा आणि त्याला जोडून मानवी हक्क असा एखादाच विषय, डच विद्यापीठातून, डचमधून, घरी बसून करायचा आहे. शंका अशा:
नेदरलँड्सचा विषय घ्यावा की बेल्जियममधल्या फ्लांडर्सचा? भाषा एकच आहे, मग फरक किती पडतो?
बी२ पुरेल का?
आठवड्याला किती तास धरायचे?
मानवी हक्कांचा भाग वेगळा शिकवतात की कौटुंबिक कायद्यातच मिसळलेला असतो?
आणि इथल्या कामात याचा उपयोग नेमका कुठे?
‘डच कशाला, इंग्रजीतून करा’ हा सल्ला कृपया नको, तो घरातून रोज मिळतो.

रोजनामा (ठाणे पश्चिम):
पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण तिथे चुकलात तर पुस्तकं, कलमं, शब्द सगळंच चुकीच्या देशाचं पाठ होईल. भाषा एक, कायदे दोन.

नेदरलँड्समध्ये कौटुंबिक कायदा बुर्खर्लिक वेटबूकच्या, म्हणजे नागरी संहितेच्या, पहिल्या पुस्तकात आहे. सगळे त्याला ‘बेवे’ म्हणतात. १:२४७ असं दिसलं की पहिलं पुस्तक, कलम २४७. दोन देशांमधल्या कुटुंबांचे प्रश्न दहाव्या पुस्तकात, ते १ जानेवारी २०१२ पासून लागू आहे. बेल्जियममध्ये नवी संहिता टप्प्याटप्प्याने येते आहे. १८०४ च्या जुन्या संहितेला नोव्हेंबर २०२० पासून ‘जुनी बेवे’ म्हणतात, आणि घटस्फोट, पालकत्व अजून त्या जुनीतच शोधावं लागतं. पती-पत्नीच्या मालमत्तेचा भाग मात्र १ जुलै २०२२ पासून नव्या संहितेत गेला. म्हणजे बेल्जियमचा विषय घेतलात तर टेबलावर दोन संहिता उघड्या ठेवायच्या.

घटस्फोटाचं कारण दोन्हीकडे ‘विवाह कोलमडणे’ हेच, पण विशेषण वेगळं आणि परिणामही वेगळा. नेदरलँड्समध्ये ‘डूरझामे ओंटव्रिख्टिंग’ (कायमचं कोलमडणं), कलम १:१५१. वेगळं राहण्याची कुठलीही मुदत नाही. बेल्जियममध्ये ‘ओनहर्स्टेलबारे ओंटव्रिख्टिंग’ (न सावरणारं कोलमडणं), जुनी बेवे कलम २२९. तिथे दोघांनी मिळून मागितला तर सहा महिन्यांहून जास्त, एकाने मागितला तर वर्षाहून जास्त वेगळं राहिल्यावर तेवढ्यावरच कोलमडणं सिद्ध धरतात. आपल्या हिंदू विवाह कायद्याच्या १३-बी मध्ये (संमतीने घटस्फोट) मुरलेल्या माणसाला बेल्जियमचा नमुना ओळखीचा वाटतो आणि तो नकळत तेच महिने नेदरलँड्सच्या उत्तरात लिहून बसतो. परीक्षेत हे सर्रास घडतं.

पोटगीचंही तसंच. नेदरलँड्समध्ये २०२० पासून जोडीदाराची पोटगी विवाहकाळाच्या निम्मी, आणि जास्तीत जास्त पाच वर्षं (लहान मुलं आणि दीर्घ विवाह यांना अपवाद आहेत). बेल्जियममध्ये सर्वसाधारण मर्यादा विवाह जितका टिकला तितकी. शब्दसुद्धा निराळे: नेदरलँड्समध्ये ‘अलिमेंटाट्सी’, बेल्जियममध्ये ‘ओंडरहाउट्सखेल्ट’.

नाव नोंदवण्याबद्दल. नेदरलँड्समध्ये हेर्लेनचं ओपन युनिव्हर्सिटैट १९८४ पासून दूरशिक्षणासाठीच आहे. तिथे सुटे विषय घेता येतात आणि त्यासाठी आधीची पदवी लागत नाही, वय अठरा पूर्ण हवं. फ्लांडर्समध्ये नोंदणी करारावर चालते: पूर्ण पदवीसाठी ‘डिप्लोमा करार’, सुट्या विषयासाठी ‘क्रेडिट करार’, आणि वर्गाला न बसता फक्त परीक्षा देण्यासाठी ‘परीक्षा करार’. तुम्हाला क्रेडिट करार लागेल. परीक्षा करार स्वस्त दिसतो म्हणून घेऊ नका. त्यात शिकवणी मिळत नाही, आणि परदेशी भाषेत कायदा शिकताना शिकवणीचीच खरी गरज असते.

माझं मत: युरोपात नोकरीला गेलेल्या जोडप्यांची कामं हाताशी येणार असतील तर नेदरलँड्स. केवळ अभ्यास म्हणून करायचा असेल तर बेल्जियमचा कायदा डोक्याला जास्त खाद्य देतो.

सरतपासणी (वाशी):
भाषेबद्दल लिहिते.

बी२ ही दारात शिरण्याची पातळी. वाचायला ती पुरते, लिहायला जेमतेम. डच विद्यापीठं सहसा ‘स्टाट्सएक्झामेन एनटी२, कार्यक्रम दोन’ मागतात, ते बी२च आहे, पण ती परीक्षा द्यायला नेदरलँड्सला जावं लागतं. त्याऐवजी ‘सीएनएव्हीटी’ची प्रमाणपत्रं बघा. ती नेदरलँड्सबाहेरच्या शिकणाऱ्यांसाठीच आहेत. उच्च शिक्षणात शिरण्यासाठी बी२ची आणि त्यापुढे सी१ची अशा दोन वेगळ्या परीक्षा आहेत, नोकरीसाठीच्या निराळ्या. नाव न बघता ‘बी२ आहे ना’ म्हणून नोकरीची परीक्षा दिलीत तर विद्यापीठ ती धरेलच असं नाही.

आता एक चांगली बातमी, ती इंग्रजीतून डच शिकणाऱ्यांना कोणी सांगत नाही. डचमध्ये पोटवाक्यात क्रियापद शेवटी जातं. इंग्रज त्याला वैतागतो, आपल्याला त्यात काहीच नवल नाही. ‘...दात दे मूडर हेत किंट नार इंडिया हेफ्ट मेखेनोमेन’: की आईने मुलाला भारतात नेलं आहे. ओळीत शब्द आपल्याच क्रमाने येतात. फक्त शेवटची जोडी उलटी, ‘आहे नेलं’. आणि ‘मेखेनोमेन हेफ्ट’ असा आपला क्रमही चालतो. म्हणून डच निकाल वाचताना मनात इंग्रजी करू नका, थेट मराठी करा. लांबलचक वाक्यं निम्म्या कष्टात सुटतात.

मुख्य वाक्यात मात्र गोची आहे. क्रियापद फुटतं, एक तुकडा दुसऱ्या जागी आणि दुसरा थेट वाक्याच्या टोकाला. ‘वैस्ट हेत फरझूक ... टू’ म्हणजे अर्ज मंजूर. ‘वैस्ट हेत फरझूक ... आफ’ म्हणजे अर्ज नामंजूर. मध्ये तीन ओळी असू शकतात आणि सगळा अर्थ त्या शेवटच्या तुकड्यावर. त्यातही बहुतेक आदेशांच्या शेवटी एक ठरलेली ओळ असते: ‘वैस्ट हेत मेर ऑफ आंडर्स फरझोख्टे आफ’. यापेक्षा जास्त किंवा वेगळं जे मागितलं ते नामंजूर, एवढाच अर्थ. नवा माणूस ते ‘आफ’ बघतो आणि अशील हरल्याचं सांगून मोकळा होतो.

आदेश वाचायचा क्रम असा ठेवा. सगळ्यात आधी शेवटचं ‘बेस्लिसिंग’, म्हणजे हुकूम. मग ‘बेओर्डेलिंग’, म्हणजे कारणमीमांसा, तिथे परिच्छेदांना ३.४, ३.५ असे क्रमांक असतात आणि उत्तरात तेच क्रमांक द्यायचे असतात. हकीकत सगळ्यात शेवटी. पक्षकारांची नावं झाकलेली असतात, बहुतेक ठिकाणी नुसतं ‘दे मान’ आणि ‘दे फ्राउ’, पुरुष आणि स्त्री. ठाणे ते वाशी लोकल साधारण अर्ध्या तासाची आहे, एका मध्यम लांबीच्या आदेशाची कारणमीमांसा तेवढ्यात होते. रोज एक, महिनाभर. मग पाठ्यपुस्तक उघडा.

निकाल रेखत्स्प्राक या न्यायसंस्थेच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. प्रत्येकाला ईसीएलआय क्रमांक असतो. त्यात देश, न्यायालय, वर्ष आणि अनुक्रम एका ओळीत. एचआर म्हणजे होखे राट, तिथलं सर्वोच्च न्यायालय. जी-एच ने सुरू होणारं अपील न्यायालय, आर-बी ने सुरू होणारं पहिलं न्यायालय. कायद्याच्या सरकारी संकेतस्थळावर एखादं कलम ठरावीक तारखेला कसं होतं तेही बघता येतं. ही सोय सुरुवातीलाच शिकून घ्या.

शब्दांचे सापळे, जे खरोखर गुण खातात तेवढेच:

आपला ‘ताबा’ डचमध्ये एका शब्दात मिळत नाही. ‘खेझाख’ म्हणजे मुलाबद्दल निर्णय घेण्याचा अधिकार. ‘होफ्टफरब्लैफ’ म्हणजे मूल मुख्यतः कोणाकडे राहतं. ज्या पालकाकडे खेझाख आहे त्याला मिळते ती ‘झोर्खरेखेलिंग’ (कलम १:२५३अ), ज्याच्याकडे नाही त्याला मिळते ती ‘ओमखांग’ (कलम १:३७७अ). इथे ‘बापाला भेटीचा हक्क’ म्हणून भागतं. तिथे आधी खेझाख आहे का हे न ठरवता भेटीवर लिहिलेलं उत्तर पायाच नसलेलं ठरतं. १९९८ पासून घटस्फोटानंतरही दोघांचं संयुक्त खेझाख आपोआप चालू राहतं, म्हणून घटस्फोटाच्या प्रकरणात बहुतेक वेळा उत्तर झोर्खरेखेलिंगच असतं.

‘फोखदै’ला आपण पालकत्व म्हणतो, पण तिकडे तो शब्द आई-बाप सोडून दुसऱ्याकडे असलेल्या अधिकाराचा. आईच्या अधिकाराला फोखदै लिहिलं की तपासणारा लाल पेन उचलतो.

‘एर्केनिंग’चे अर्थ दोन: बापाने मूल आपलं म्हणून नोंदवणं, आणि परदेशी निकालाला मान्यता. संदर्भ बघूनच ठरवायचं.

‘नीतिख’ आणि ‘फरनीतिखबार’ म्हणजे आपले शून्य आणि शून्यकरणीय, पण हिंदू विवाह कायद्याचं कलम ११ आणि १२ जसंच्या तसं लावू नका. तिकडे विवाह रद्द ठरवायला न्यायालयाची घोषणा लागते (कलम १:६९ पासून पुढे). तोवर तो विवाह चालूच.

आणि ‘एवेंट्युएल’ म्हणजे इंग्रजीसारखं ‘अखेरीस’ नव्हे. ‘झालंच तर, कदाचित’.

ट्रान्सहार्बर (ऐरोली):
दोघांचेही आभार. ‘दे मान, दे फ्राउ’ बघून मागच्या आठवड्यात मला वाटलं होतं की काहीतरी सिनेमाची हकीकत उघडली. गुण कसे देतात ते कोणी सांगेल का? आणि मानवी हक्कांचा प्रश्न अजून राहिला.

वकीलपत्र (खारघर):
मानवी हक्क वेगळ्या डब्यात नसतात, आणि त्याचं कारण घटनेत आहे. नेदरलँड्सच्या घटनेचं कलम १२० सांगतं की संसदेने केलेला कायदा घटनेशी जुळतो का हे न्यायाधीशाने तपासायचं नाही. आपल्याकडे अनुच्छेद १३ आणि ३२ वर (मूलभूत हक्कांविरुद्धचा कायदा न्यायालय रद्द करू शकतं) वाढलेल्या माणसाला हे उलटं वाटतं. पण त्याच घटनेची कलमं ९३ आणि ९४ सांगतात की जे आंतरराष्ट्रीय करार व्यक्तीला थेट बांधतात त्यांच्याशी कायदा विसंगत असेल तर तो बाजूला ठेवायचा. म्हणजे घटनेने दार लावलं, कराराने खिडकी उघडी ठेवली. म्हणून डच कौटुंबिक वकील अनुच्छेद १४, २१ सारखं काही न म्हणता सरळ युरोपीय मानवी हक्क कराराचं कलम ८ पुढे करतो: खाजगी आणि कौटुंबिक जीवनाचा आदर. आपल्याकडे करार कायद्यात उतरवायला अनुच्छेद २५३ खाली संसद लागते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दलच्या विशाखा (१९९७) प्रकरणात न्यायालयाने करार वापरला तो अर्थ लावण्यापुरता, पोकळी भरण्यापुरता. हा फरक पहिल्या आठवड्यात नीट बसला तर पुढचं सगळं सोपं.

बेल्जियममध्ये घटनात्मक न्यायालय आहे, त्यामुळे तिथे दोन्ही वाटा उघड्या. रोजनामांनी ‘जास्त खाद्य’ म्हटलं ते यासाठीही खरं आहे.

कलम ८ चं उत्तर ठरलेल्या पायऱ्यांनी जातं. आधी: कौटुंबिक जीवन आहे का? मग: राज्याने त्यात हस्तक्षेप केला, की करायला हवं ते केलं नाही? मग दुसऱ्या परिच्छेदाच्या तीन कसोट्या: कायद्यात आधार आहे का, हेतू वैध आहे का, लोकशाही समाजात ते आवश्यक होतं का. बहुतेक विद्यार्थी थेट तिसऱ्या कसोटीवर उडी मारतात, कारण लिहायला ती रसाळ असते. पहिला प्रश्न मात्र एका ओळीत तरी सोडवलाच पाहिजे.

खटले पाठ करायचे नसतात, त्यातली गाठ समजली पाहिजे. तीन पुरेत.

मार्क्स विरुद्ध बेल्जियम, १३ जून १९७९. लग्न न झालेल्या आईला स्वतःच्याच मुलीची आई ठरायला कायद्यानुसार तिला वेगळं ‘एर्केनिंग’ करावं लागे, नुसतं जन्म देणं पुरत नसे. स्ट्रासबर्गच्या न्यायालयाने, म्हणजे युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने, कलम ८ आणि भेदभावाचं कलम १४ या दोन्हींचा भंग ठरवला. बेल्जियमने कायदा बदलला तो १९८७ मध्ये. निकाल लागला म्हणजे कायदा बदलला, असं लिहू नका. मधली आठ वर्षं हाच प्रश्न असू शकतो.

बेरेहाब विरुद्ध नेदरलँड्स, २१ जून १९८८. घटस्फोट झाला, मोरोक्कोच्या नागरिक असलेल्या बापाचा राहण्याचा परवाना गेला, लहान मुलगी नेदरलँड्समध्ये. न्यायालय म्हणालं, बाप-लेक एका घरात राहत नसले तरी कौटुंबिक जीवन संपत नाही. ऐरोली-घणसोलीच्या आयटीतल्या जोडप्यांचा घटस्फोट तिकडे झाला आणि एकाचा परवाना दुसऱ्याच्या नोकरीवर असेल, तर पहिलं वाचायचं प्रकरण हेच.

तिसरं, सगळ्यात कामाचं: क्रून विरुद्ध नेदरलँड्स, २७ ऑक्टोबर १९९४. बाई विवाहित, नवरा केव्हाच दूर गेलेला, ठावठिकाणा नाही. दुसऱ्या पुरुषापासून १९८७ मध्ये मुलगा झाला. कागदावरचा विवाह तेव्हा टिकून होता, म्हणून कायद्याने बाप ठरला तो हरवलेला नवरा. ते नाकारायचा मार्ग नवऱ्याला होता, आईला मात्र विवाह संपल्यावर झालेल्या मुलाच्याच बाबतीत. न्यायालय म्हणालं, कायद्याच्या गृहीतकापेक्षा जैविक आणि सामाजिक वस्तुस्थिती वरचढ ठरली पाहिजे. १ एप्रिल १९९८ पासून डच वंशनिश्चितीचा कायदा बदलला.

आता हे आपल्या पुराव्याच्या कायद्यासमोर ठेवा. १८७२ च्या कायद्याचं कलम ११२, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ११६: विवाह चालू असताना, किंवा तो संपल्यापासून २८० दिवसांत आणि आईने पुन्हा लग्न केलेलं नसताना झालेलं मूल औरस, हा निर्णायक पुरावा. तो मोडायचा तर पती-पत्नीला त्या काळात एकत्र येण्याची संधीच नव्हती हे दाखवावं लागतं. डच कलम १:१९९ मध्ये आकडा ३०६ दिवसांचा, आणि आज तो फक्त नवरा मरण पावला असेल तर लागतो, घटस्फोटानंतर नाही. दोन्ही कायद्यांत मुळात एकच भीती आहे, मूल बापाविना राहू नये. तुलनेचा निबंध मागितला तर हा विषय घ्या. साहित्य दोन्ही बाजूंनी भरपूर मिळतं.

स्ट्रासबर्गचे निकाल त्या न्यायालयाच्या हुडोक संकेतस्थळावर इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये असतात, डच अनुवाद थोडे. ते इंग्रजीतच वाचा आणि डच संज्ञा पाठ्यपुस्तकातून उचला. तेवढी सूट घरच्यांना कळू न देता घ्यायला हरकत नाही.

नौपाडा४००६०२:
वेळ, गुण आणि कागद. आधी एक दुरुस्ती.

रोजनामा, पोटगीची पाच वर्षांची मर्यादा ‘२०२० पासून’ एवढ्याने भागत नाही. घटस्फोटाचा अर्ज १ जानेवारी २०२० ला किंवा त्यानंतर दाखल झाला असेल तर नवा नियम. त्याआधीच्या अर्जांना जुनाच, आणि त्याची सर्वसाधारण मुदत बारा वर्षं. या विषयात तारीख हाच निम्मा कायदा आहे. विवाह १ जानेवारी २०१८ च्या आधीचा की नंतरचा यावर मालमत्तेचं सगळं गणित फिरतं: आधीच्यांची सरसकट सामाईक, नंतरच्यांची मर्यादित, म्हणजे लग्नापूर्वीची स्वतःची मालमत्ता, वारसा आणि बक्षीस बाहेर. कबुलीचं उदाहरण तर अगदीच नेमकं: लग्न न केलेल्या बापाने मुलाचं एर्केनिंग १ जानेवारी २०२३ ला किंवा त्यानंतर केलं, तर संयुक्त खेझाख कायद्यानेच मिळतं (कलम १:२५१ब). त्याआधी केलं असेल तर नोंदवहीत वेगळी नोंद लागायची (कलम १:२५२). प्रश्नात मुलाचा जन्म डिसेंबर २०२२ चा आणि एर्केनिंग जानेवारीतलं असं मुद्दाम देतात. कुठली तारीख धरायची हे पाहण्यासाठीच. म्हणून प्रश्न वाचताना पहिल्या फेरीत फक्त तारखांना गोल करा.

युरोपीय नियमांतही तेच. ‘ब्रसेल्स २-तेर’, म्हणजे विवाह आणि पालकत्वाचं प्रकरण कुठल्या देशाच्या न्यायालयात चालेल हे ठरवणारा नियम, १ ऑगस्ट २०२२ पासून लागू. त्याआधीच्या पुस्तकात पालकत्वाच्या अधिकारक्षेत्रासाठी कलम ८ दिसेल, आता ते कलम ७ आहे. जुनी पुस्तकं स्वस्त मिळतात, पण या विषयात ती महाग पडतात.

तास: नेदरलँड्समध्ये एक ईसी (अभ्यासभाराचं क्रेडिट) म्हणजे २८ तास. पाच ईसीचा विषय १४० तासांचा. हे डचमध्ये वाढलेल्या मुलाचं गणित आहे. आपण दीडपट धरा, म्हणजे २१०. दहा आठवड्यांत आठवड्याला २१ तास, नोकरीसकट ते जमत नाही. पंधरा-सोळा आठवडे मिळणारा विषय निवडा. फ्लांडर्समध्ये असं एक क्रेडिट २५ ते ३० तासांचं.

रात्री: हिवाळ्यात ते आपल्या साडेचार तास मागे, उन्हाळ्यात साडेतीन. संध्याकाळी सातचा वर्ग म्हणजे हिवाळ्यात आपले रात्रीचे साडेअकरा, उन्हाळ्यात साडेदहा. घड्याळ मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं, त्या आठवड्यात हमखास कोणीतरी वर्ग चुकवतो. मोबाइलमध्ये दुसरं घड्याळ ॲम्स्टरडॅमचं लावून ठेवा, मनात वजाबाकी करू नका. पेपर जमा करायची मुदत २३:५९ असेल तर हिवाळ्यात ती आपल्या पहाटे ४:२९ ला संपते. हा फायदा आहे, शेवटच्या रात्रीचा मात्र नाही.

वर्ग दोन प्रकारचे. ‘होरकोलेख’ म्हणजे व्याख्यान, ते मागाहून ऐकता येत असेल तर रात्र जागू नका. ‘वेर्कखृप’ म्हणजे छोटा गट, त्यात आधी सोडवलेलं उदाहरण मांडावं लागतं. हजेरी सक्तीची असेल तर ती यालाच असते. नाव नोंदवण्याआधी ही एक गोष्ट ईमेलने विचारा, आणि परीक्षा कुठे, कशी हे त्याच ईमेलमध्ये.

गुण: नेदरलँड्समध्ये दहापैकी, ५,५ ला पास (दशांश चिन्ह स्वल्पविराम). सात चांगले, आठ फार चांगले, नऊ क्वचित. बेल्जियममध्ये वीसपैकी, दहाला पास. सात मिळाले म्हणून कोणी रडू नये, मुंबई विद्यापीठाचा हिशोब तिथे लावायचा नाही.

गुण जातात कुठे: नेदरलँड्सच्या उत्तरात कलम ‘लिट’सकट, म्हणजे पोटकलमासकट, द्यावं लागतं. ‘कलम १:२५३अ’ एवढं अर्धवट, ‘लिट १’ जोडलं की पूर्ण. दोन कलमं एकत्र वाचायची असतील तर मध्ये ‘यो.’ लिहायचं. बेल्जियममध्ये लिटच्या जागी परिच्छेदचिन्ह. मांडणी सरळ: घटना, कायद्याचा प्रश्न, नियम, नियम या घटनेला लावून, निष्कर्ष. आपल्या लॉच्या पेपरात ‘प्रस्तावना, व्याख्या, महत्त्व’ लिहायची सवय असते, त्याला तिथे शून्य. पहिल्या ओळीतच प्रश्न.

परीक्षेत कायद्यांचं छापील संकलन, ‘वेटनबुंडल’, बरोबर नेऊ देत असतील तर ते दरवर्षी नवं निघतं. टपालाचा वेळ धरून सत्र सुरू होण्याआधी दीड-दोन महिने मागवा. अधोरेखन आणि रंगीत चिकटपट्ट्या चालतात का, हाताने लिहिलेलं चालतं का, याचे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे. तोवर कोरं ठेवा. पेन्सिलीने लिहिलेली टीप खोडली तरी दिसते.

कागदांचं: पदवी प्रमाणपत्रावर ॲपोस्टील (कागद परदेशात चालावा म्हणूनचा सरकारी शिक्का) मागितलं तरच करा. भारत ॲपोस्टीलच्या करारात २००५ पासून आहे. आधी राज्य सरकारचं प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालयाचं. मध्यस्थाला मूळ प्रमाणपत्र देताना आधी रंगीत स्कॅन काढून ठेवा.

ट्रान्सहार्बर (ऐरोली):
हे सगळं वहीत उतरवतोय. शेवटचा प्रश्न राहिला, इथला उपयोग. आणि सरतपासणींच्या सांगण्यावरून काल एक आदेश वाचला, हुकमाच्या दोन ओळी मी अशा लावल्या: ‘वैस्ट हेत फरझूक तोत किंडरअलिमेंटाट्सी टू’, मुलाच्या पोटगीचा अर्ज मंजूर. ‘हाउट इडरे फर्डरे बेस्लिसिंग आन’, पुढचा प्रत्येक निर्णय कायम ठेवला. बरोबर आहे का?

रोजनामा (ठाणे पश्चिम):
नौपाडा, दुरुस्ती मान्य.

उपयोग. आधी काय मिळणार नाही ते: या विषयाने तिकडे वकिली करता येत नाही. त्यासाठी ठरावीक विषयांची पूर्ण डच पदवी लागते, त्याला ‘सिव्हील एफेक्ट’ म्हणतात. इथल्या सनदेतही भर पडत नाही. मिळते ती परदेशी कागद वाचायची ताकद, आणि ती ठाणे-नवी मुंबईत रोज लागेल.

डच घटस्फोटाचा आदेश घेऊन अशील आला तर पहिला प्रश्न दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ चा, म्हणजे परदेशी निकाल इथे कधी मानायचा याचा. नेदरलँड्स कलम ४४-अ खालच्या परस्पर-मान्य देशांत नाही, त्यामुळे तो आदेश इथे थेट दरखास्तीला (अंमलबजावणीला) लावता येत नाही. तो आधार धरून दावा लागतो. आणि वाय. नरसिंह राव (१९९१) प्रकरणानुसार विवाह ज्या कायद्याखाली झाला त्या कायद्यातलं कारण आणि अधिकारक्षेत्र हवं. अपवाद आहेत: समोरच्याने स्वेच्छेने तिथे हजर राहून मनापासून बाजू लढवली असेल, किंवा घटस्फोटाला दोघांची संमती असेल. इथेच गाठ पडते. डच कारण ‘कोलमडणे’, आणि हिंदू विवाह कायद्यात ते कारणच नाही. सर्वोच्च न्यायालयाने १ मे २०२३ ला शिल्पा शैलेश प्रकरणात ते अनुच्छेद १४२ खाली (पूर्ण न्यायासाठीचा खास अधिकार) स्वतःपुरतं वापरलं, कौटुंबिक न्यायालयाला तो अधिकार नाही. मग डच आदेशात पुरुष हजर होता का, वकील दिला होता का, विरोध केला का, हे शोधावं लागतं. ते असतं हकिकतीच्या भागात, जो सरतपासणी शेवटी वाचायला सांगतात. अशिलासाठी तो आधी वाचा.

मुलांचं प्रकरण आणखी नाजूक. मुलांच्या अपहरणाबद्दलच्या १९८० च्या हेग करारात नेदरलँड्स आहे, भारत नाही. तिकडे ही प्रकरणं हेगच्या न्यायालयात एकवटली आहेत, मुदती आखूड. इथे मात्र हेबियस कॉर्पस (मुलाला न्यायालयापुढे हजर करा असा अर्ज) किंवा पालकत्वाचा अर्ज, आणि नित्या आनंद राघवन (२०१७) नंतर परदेशी आदेश हा अनेकांपैकी एक मुद्दा. कळीचा मुद्दा मुलाचं हित. डच आदेशातला ‘खेझाख’ इथल्या अर्जात ‘ताबा’ म्हणून भाषांतरित झालेला कितीतरी वेळा दिसतो. तिथे संयुक्त खेझाख असताना इथे ‘ताबा आईकडे’ वाचलं गेलं, की बापाची बाजू भाषांतरातच संपली. हे थांबवता आलं तरी विषयाचे पैसे वसूल.

सरतपासणी (वाशी):
हकीकत आधी, हे मान्य, अशील समोर बसलेला असेल तर.

ट्रान्सहार्बर, पहिली ओळ बरोबर. दुसरी चुकली. ‘हाउट ... आन’ फुटलेलं आहे, ‘आनहाउडन’. पोलिसांनी केलं तर अटक, न्यायाधीशाने केलं तर राखून ठेवणं. पुढचा सगळा निर्णय राखून ठेवला. पोटगी मिळाली, उरलेलं अजून ठरायचं आहे. अशिलाला एवढंच सांगा की पुढची तारीख पडली.